घाटकोपरच्या त्या दोन बस आणि आपल्या शहराची आठवण

आग्रारोडकर (धागा)

डिसेंबर उजाडला की ६ तारखेच्या बातम्या सुरू होतात. चैत्यभूमीची गर्दी, जादा गाड्या, बंदोबस्त. त्याच्या चार दिवस आधीची २ तारीख मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही.

२ डिसेंबर २००२, सोमवार. घाटकोपर स्टेशनबाहेर बेस्टच्या बसमध्ये मागच्या बाजूला सीटखाली ठेवलेला बॉम्ब फुटला. बस शेवटच्या थांब्याला आली होती, प्रवासी उतरले होते, म्हणून मोठा अनर्थ टळला. तरी दोन माणसं गेली आणि पन्नासच्या आसपास जखमी झाली. पुढच्या जुलैत, २८ तारखेला, पुन्हा सोमवारीच, त्याच घाटकोपरमध्ये लालबहादूर शास्त्री मार्गावर दुसरी बस फुटली. आमच्या आधीची पिढी या रस्त्याला अजून आग्रा रोडच म्हणते. पुन्हा मागची सीट. या वेळी बस भर रस्त्यात होती. तिच्या मागून येणाऱ्या रिक्षातलं माणूससुद्धा त्यात गेलं.

या दुसऱ्या स्फोटात किती जण गेले? कुठे दोन छापलंय, कुठे तीन, कुठे चार. जखमींचं तसंच, कुठे तीसच्या वर, कुठे साठ. वीस वर्षं उलटून गेल्यावरही एवढी साधी गोष्ट एका ठिकाणी, एका आकड्यात, नावानिशी लिहिलेली सापडू नये याचा मला मनापासून त्रास होतो. दवाखान्यात नंतर कुणी दगावलं असेल, कागद वेगवेगळ्या टेबलांवर राहिले असतील. पण मग ते जुळवायचं काम कुणाचं?

त्या दिवसांची साखळी ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी: २ डिसेंबरची घाटकोपरची बस, ६ डिसेंबरला मुंबई सेंट्रल स्टेशन, २७ जानेवारी २००३ ला विलेपार्ले, १३ मार्चला मुलुंडला लोकलमधला स्फोट (त्यात दहाहून अधिक मृत्यू), २८ जुलैला पुन्हा घाटकोपरची बस आणि २५ ऑगस्टला झवेरी बाजार आणि गेटवे ऑफ इंडिया, जिथे पन्नासहून जास्त माणसं मारली गेली. नऊ महिन्यांत एवढं. नंतर ११ जुलै २००६ ला लोकलमधले सात स्फोट झाले, मग २६ नोव्हेंबर २००८. प्रत्येक मोठ्या घटनेने आधीच्या लहान घटनेवर माती टाकली.

यावर मी बराच विचार केलाय. बसमध्ये मेलेली माणसं इतरांपेक्षा लवकर विसरली जातात, कारण त्यांच्या मरणाला जागाच उरत नाही. हॉटेलवर हल्ला झाला तर इमारत तिथेच असते. लोकलमध्ये झाला तर स्टेशन असतं, माहीमला ११ जुलैला लोक जमतात. तुकाराम ओंबळे यांचा पुतळा गिरगाव चौपाटीला आहे, जिथे त्यांनी कसाबला धरला तिथेच. बसचं काय? जळका सांगाडा ओढून नेतात, काचा झाडतात, पंचनामा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच थांब्यावर त्याच नंबरची दुसरी बस लागते. शहर चालू राहायला ते हवंही होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'मुंबई थांबत नाही' याचं आपण इतकं कौतुक केलं की ज्यांना कायमचं थांबावं लागलं ते बाजूलाच राहिले.

मी त्याच रस्त्याने कामाला जातो. स्टेशनबाहेर आता मेट्रोचा जिना आहे, फेरीवाले आहेत, शेअर रिक्षांची रांग आहे. इथे काय घडलं हे सांगणारी चार ओळींची पाटीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही. मला मोठं स्मारक नको, चबुतरा नको, उद्घाटनाची कोनशिला तर अजिबात नको. तारीख, नावं आणि काय झालं ते सांगणारी एक पाटी हवी. तुम्हाला काय वाटतं? ज्यांना त्या दिवसांबद्दल काही सांगायचंय त्यांनीही सांगा.

---

कंडक्टरची_लेक

धागा काढलात, बरं केलंत. माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. या दोन्ही गाड्यांवर ते नव्हते, पण त्या वर्षभरात आमच्या घरात काय बदललं ते मला नीट आठवतं.

बाबा त्याआधी घरी आले की पहिलं वेबिलचं, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाचं, सुट्ट्या पैशांचं बोलायचे. त्या डिसेंबरनंतर शेवटच्या थांब्याचं बोलायला लागले. गाडी रिकामी झाली की एकेका सीटखाली वाकून बघायचं, मग स्टार्टरच्या, म्हणजे गाड्या सोडणाऱ्याच्या, चौकीवर जायचं. वाकून वाकून कंबर धरायची त्यांची. डबा विसरलेला सापडायचा, भाजीची पिशवी, छत्री, एकदा शाळेचं दप्तर. आई विचारायची, "हात लावता का हो तुम्ही?" ते म्हणायचे, "मी नाही लावला तर कोण लावणार? मागे रांग उभी असते."

हे मी कौतुक व्हावं म्हणून लिहीत नाहीये. बेस्टच्या हजारो चालक-वाहकांनी हे रोज केलं आणि त्याची कुठे नोंद नाही. बॉम्ब शोधायचं शिक्षण नसलेली, अंगावर खाकी आणि हातात तिकिटांची पेटी एवढंच असलेली माणसं ती. पाटी लागली तर तिच्यावर त्यांच्यासाठीही एक ओळ असावी असं मला वाटतं.

---

वरळी_नाका

+१. एक भर घालतो. १२ मार्च १९९३ चे स्फोट म्हटलं की लोकांना शेअर बाजाराची इमारत आणि एअर इंडियाची इमारत आठवते. पण त्या दिवशीची सर्वांत जास्त माणसं वरळीला सेंच्युरी बाजारच्या रस्त्यावर गेली आणि तिथे स्फोटात सापडलेली एक बेस्टची बस होती. त्या दिवशीच्या २५७ मृत्यूंमधले शंभराहून अधिक त्या एका जागचे. तरी चित्र डोळ्यासमोर येतं ते इमारतींचंच. तुमचा जागेचा मुद्दा मला म्हणूनच पटला.

---

निवांत_वाचक

या दोन्ही केसचं पुढे काय झालं? कुणाला शिक्षा झाली का? मी तेव्हा शाळेत होतो, गोंधळ आहे डोक्यात.

---

कोर्टाची_पायरी

@निवांत_वाचक, गोंधळ होणं साहजिक आहे, कारण दोन बसची गोष्ट कायद्याच्या दृष्टीने अगदी वेगळ्या वाटांनी गेली. थोडं लांब होईल.

दुसरी बस, २८ जुलै २००३. हा खटला २५ ऑगस्टच्या गेटवे आणि झवेरी बाजारच्या स्फोटांबरोबर 'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्याखाली चालला. गेटवेला स्फोट झालेल्या टॅक्सीचा चालक वाचला होता आणि त्याच्या साक्षीमुळे तपासाला दिशा मिळाली. याच खटल्यात आणखी एक बस होती, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही: २ डिसेंबर २००२ लाच अंधेरीच्या सीप्झ या उद्योग वसाहतीत एका बेस्टच्या बसमध्ये बॉम्ब ठेवला होता, तो फुटला नाही. म्हणजे त्या एकाच दिवशी शहरात दोन बस लक्ष्य होत्या. २००९ च्या ऑगस्टमध्ये विशेष न्यायालयाने हनीफ सय्यद, त्याची बायको फहमिदा आणि अशरत अन्सारी या तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. हनीफ पुढे नागपूरच्या तुरुंगात असतानाच मेला.

मधले तीन स्फोट, म्हणजे मुंबई सेंट्रल, विलेपार्ले आणि मुलुंड, यांचा वेगळा खटला होता. त्यात २०१६ साली दहा जण दोषी ठरले.

राहिली पहिली बस. साखळी जिथून सुरू झाली ती. तिच्या खटल्यातल्या आठही आरोपींना पोटा न्यायालयाने २००५ मध्ये निर्दोष सोडलं. त्या दोन मृतांच्या घरच्यांनी काय समजायचं? कोर्ट म्हणालं, यांनी केलं नाही. मग कुणी केलं, हे सांगणारा निकाल त्यांच्या हातात पडला नाही.

कोर्टात मी जी वर्षं काढली त्यात एक बघितलं. खटला आरोपीभोवती फिरतो आणि ते तसंच असायला हवं, माणसाचं आयुष्य पणाला लागलेलं असतं. पण मेलेल्या माणसाबद्दल त्या कागदात शवविच्छेदनाचा अहवाल आणि नातेवाइकाचा जबाब, एवढंच असतं. आरोपी सुटले की ती फाइल बंद होते आणि मृताची गोष्टही तिच्याबरोबर बांधली जाते.

---

परभणीकर

वरच्या प्रतिसादात पहिल्या बसबद्दल जे लिहिलंय त्याच्यापुढचं आमच्या गावाला माहीत आहे.

ख्वाजा युनूस परभणीचा. वय २७, सॉफ्टवेअर इंजिनिअर, दुबईला नोकरी. २ डिसेंबरच्या स्फोटाच्या तपासात त्याला त्याच महिन्याच्या शेवटी पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादला नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. सहआरोपींनी कोर्टात सांगितलं की त्याला कोठडीत मारताना त्यांनी पाहिलं. सीआयडीच्या चौकशीत पळून गेल्याची कथा खोटी निघाली. चौदा पोलिसांची नावं पुढे आली, खटल्याची परवानगी मिळाली ती चौघांवर, त्यात सचिन वाझे. मृतदेह सापडला नाही. ज्या खटल्यात तो आरोपी होता त्यातले बाकीचे सगळे २००५ ला सुटले. त्याची आई आसिया बेगम परभणी ते मुंबई कोर्टाच्या खेपा घालत राहिली. उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये २० लाखांची भरपाई द्यायला सांगितली. निलंबित झालेल्या त्या चौघांना २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेतलं, तेव्हा त्या म्हातारीवर काय गुजरलं असेल!

तुम्ही घाटकोपरची पाटी लावा, माझा पाठिंबा आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या बसमुळे मेलेल्या माणसांत परभणीचा एक मुलगाही आहे. त्याला सोडून ती गोष्ट पुरी होत नाही.

---

शिवडीचा_शिरीष

परभणीकर, तुमच्या दुःखाबद्दल आदर ठेवून लिहितो. कोठडीत माणूस मारणं हा खून आहे आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी, यात माझं दुमत नाही. पण हा धागा बसमधल्या लोकांचा आहे. इथे दरवेळी असंच होतं. स्फोटात मेलेल्यांबद्दल बोलायला बसलं की पाच प्रतिसादांत चर्चा तपासावर, पोलिसांवर, धर्मावर जाते आणि जे दोन-चार साधे प्रवासी संध्याकाळची बस धरून घरी निघाले होते ते पुन्हा मागे पडतात. त्यांच्यासाठी वकील, मोर्चे, कुणी नव्हतं. निदान त्यांच्या पाटीवर तरी फक्त तेच असू देत. त्यांच्या नातेवाइकांनी तिथे फुलं ठेवायला यावं आणि तिथे वाद सुरू असावा, हे मला नको वाटतं.

---

टेम्सकाठी

सगळे प्रतिसाद वाचले. मी बरीच वर्षं लंडनला आहे, माझं ऑफिस टॅव्हिस्टॉक स्क्वेअरपासून जवळ आहे. इथल्या बसबद्दल लिहिते, कारण शिरीष आणि परभणीकर यांच्यातला वाद इथेही होता आणि या शहराने त्यावर काढलेला मार्ग रोज डोळ्यांसमोर आहे.

७ जुलै २००५. सकाळी पावणेनऊनंतर भुयारी रेल्वेत तीन स्फोट झाले. चौथा बॉम्ब ९ वाजून ४७ मिनिटांनी ३० नंबरच्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला फुटला. मार्बल आर्चहून हॅकनी विककडे जाणारी बस, रस्ते बंद झाल्यामुळे नेहमीची वाट सोडून टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला वळवलेली. भुयारी रेल्वे बंद पडल्यामुळे बसला गर्दी होती. बसमधले तेरा जण गेले, चारही ठिकाणचे मिळून बावन्न. हल्लेखोर अठरा वर्षांचा होता. समोरच ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची इमारत, तिथले डॉक्टर धावत रस्त्यावर आले आणि आवारातच जखमींवर उपचार सुरू केले.

त्या चौकाच्या बागेत मधोमध गांधीजींचा पुतळा आहे, १९६८ पासून, मांडी घालून बसलेला. हिरोशिमाच्या बळींसाठी लावलेलं चेरीचं झाडही तिथेच आहे. युद्धात हत्यार उचलायला नकार देणाऱ्यांचा दगड आहे. अशा जागी ती बस फुटली. भारतातून कुणी पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेते.

आता स्मरणाबद्दल. हाइड पार्कमध्ये २००९ ला स्मारक झालं: स्टीलचे बावन्न खांब, माणसाहून उंच, चार ठिकाणांप्रमाणे चार गटांत. प्रत्येक खांबावर तारीख, वेळ आणि जागा. नावं एका वेगळ्या फलकावर. टॅव्हिस्टॉक स्क्वेअरच्या बागेतही २०१८ पासून त्या तेरा जणांची पाटी आहे. आग्रारोडकरांना जागेचा जो प्रश्न पडलाय तो इथेही होताच, बस तर इथलीही गेली. पाटीने तो सोडवला.

पण मला त्याहून मोठी वाटते ती २०१० ते २०११ ची न्यायिक चौकशी. हल्लेखोर मेले होते, खटला चालवायला कुणी नव्हतं. तरी न्यायमूर्ती हॅलेट यांच्यापुढे महिनोन्महिने सुनावणी झाली आणि बावन्नपैकी प्रत्येक माणूस कुठे बसला होता, त्याचं काय झालं, मदत कधी पोचली, याची स्वतंत्र नोंद झाली. नातेवाइकांना प्रश्न विचारता आले. कोर्टाची_पायरी यांनी लिहिलं तसं आपल्याकडे आरोपी सुटले की मृताची गोष्ट बांधली जाते. ती तशी बांधली जायचं काही कारण नाही, हे मी इथे पाहिलं.

आणि परभणीकर, तुमच्यासाठी. त्याच महिन्यात, २२ जुलैला, स्टॉकवेल स्टेशनात पोलिसांनी एका ब्राझिलियन तरुणाला दहशतवादी समजून डब्यात गोळ्या घातल्या. जाँ शार्ल्स द मेनेझेस, वय २७, वायरमनचं काम करायचा. त्याचा कशाशीच संबंध नव्हता. त्याच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं झगडा केला. २०१० पासून स्टॉकवेल स्टेशनच्या बाहेर भिंतीवर रंगीत तुकड्यांत जडवलेलं त्याचं चित्र आहे. हाइड पार्कच्या खांबांत त्याचा खांब नाही. दोन वेगळ्या जागा, दोन वेगळी स्मरणं, आणि दोन्ही ठिकाणी फुलं असतात. एकामुळे दुसऱ्याचं काही कमी झालं असं मला कधी वाटलं नाही. इथेही पोलीस वाचले, कुणावर वैयक्तिक खटला झाला नाही, तेव्हा इथलं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. पण नावं पुसली गेली नाहीत.

---

शिवडीचा_शिरीष

टेम्सकाठी, धन्यवाद. हे पटलं. पाटी घाटकोपरला, बसमधल्यांची. ख्वाजा युनूसची आठवण वेगळी, त्याच्या गावी किंवा जिथे त्याच्या घरच्यांना हवी तिथे. तिला माझी सही मिळेल, परभणीकर, हे मनापासून सांगतो.

---

परभणीकर

शिरीषभाऊ, चालेल. मला त्या पाटीवर वाटा नको होता, त्याचं नाव कुठेतरी असावं एवढंच होतं. एक विनंती मात्र आहे: घाटकोपरच्या पाटीवर पहिल्या बसबद्दल लिहिताना "दोषींना शिक्षा झाली" असं चुकूनही नको. खरं ते लिहा.

---

निवांत_वाचक

२०२५ च्या जुलैत उच्च न्यायालयाने ११ जुलैच्या लोकल स्फोटांतल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं, तेव्हा माझ्या ऑफिसात सगळे आरोपींबद्दल बोलत होते, काही जण चिडून, काही जण समाधानाने. त्या गाड्यांमध्ये दररोज जाणारे आम्हीच, पण गेलेल्यांपैकी एकाचंही नाव कुणाला सांगता आलं नाही. मलाही नाही. हा धागा वाचून ते टोचतंय.

---

आग्रारोडकर

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. यातून काय करता येईल ते मांडतो, दुरुस्त्या सुचवा.

पाटीच्या आधी नावं हवीत आणि ती पक्की हवीत. वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं पुरणार नाहीत, कारण आकडेच जुळत नाहीत. दोन्ही स्फोटांच्या मृत आणि जखमींची यादी मिळावी म्हणून माहिती अधिकारात तीन अर्ज करावे लागतील: बेस्ट उपक्रम, पोलीस आयुक्तालय आणि पालिकेचा आरोग्य विभाग. उच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल उघड आहे, त्यात दुसऱ्या बसबद्दल जे नोंदलंय ते कोर्टाची_पायरी काढून देतील का? पहिल्या बसच्या २००५ च्या निकालाची प्रत विशेष न्यायालयातून मागावी लागेल.

नावं मिळाली की लगेच इथे टाकायची नाहीत. घरच्यांना आधी विचारायचं. काही जणांना हे पुन्हा उकरलेलं नको असेल, आणि त्यांचा शब्द आपल्या इच्छेपेक्षा मोठा आहे. एखाद्या घराने नको म्हटलं तर पाटीवर त्या जागी नाव न लिहिता फक्त 'एक प्रवासी' असं लिहू.

मजकूर माझ्या मनात असा आहे: "२ डिसेंबर २००२ रोजी या ठिकाणी आणि २८ जुलै २००३ रोजी लालबहादूर शास्त्री मार्गावर बेस्टच्या बसमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांत पुढील प्रवासी आणि पादचारी मारले गेले." मग नावं. मग शेवटी बेस्टच्या चालक-वाहकांची ओळ, कंडक्टरची_लेक यांनी लिहावी. मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत, कारण घाटकोपर या तिन्ही भाषांत बोलतं. कुणा नगरसेवकाचं, आमदाराचं नाव नको, हे मी पत्रातच लिहिणार आहे.

---

कोर्टाची_पायरी

उच्च न्यायालयाच्या निकालातले घाटकोपरचे परिच्छेद मी काढून देते. विशेष न्यायालयाच्या प्रतीसाठी अर्ज करावा लागेल, त्रयस्थाला कारण नमूद करावं लागतं, ते मसुद्यात घालू. माहिती अधिकाराचे तीन अर्ज वेगवेगळ्या नावांनी करा, म्हणजे एक अडकला तरी बाकीचे चालू राहतील. पोलिसांकडचा सर्वांत आधी टाका, त्याला सर्वांत जास्त वेळ लागेल.

---

कंडक्टरची_लेक

'पादचारी' सोबत 'रिक्षातील प्रवासी' असंही घाला, रिक्षातलं माणूस सुटायला नको.

आणखी एक सुचवते. अणिक डेपोत बेस्टचं संग्रहालय आहे. जुन्या ट्रामची, तिकिटांची, यंत्रांची माहिती आहे तिथे. रस्त्यावरची पाटी उद्या रस्तारुंदीत निघाली तरी संग्रहालयातली नोंद राहील. या दोन्ही बसचं एक पान तिथे असावं असं वेगळं पत्र देऊ. बाबांच्या बरोबरीचे निवृत्त झालेले काही जण अजून संपर्कात आहेत, त्या वर्षी कोणत्या सूचना आल्या होत्या आणि सीटखालच्या तपासणीचं काय काय ठरलं होतं ते त्यांच्याकडून लिहून घेते. बेस्टकडचा माहिती अधिकाराचा अर्ज माझ्या नावाने जाऊ दे, मी सोमवारी कुलाब्याला जाऊन देते.